नंबर नको, नाव पाहिजे

(केळापूर-पांढरकवड्याच्या तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



पोरांनो, पोरींनो, तुम्ही मला 'शहीद' या विषयावर बोलायला उभं केलंत. या शब्दाचा भाव सध्या फार पडलाय. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर मेलेल्याचा फोटो बोटभर आणि फ्लेक्स लावणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो हातभर. तर मी त्या शब्दावर बोलत नाही. मी मसणवट्यावर बोलतो. लढाईत मेलेला शिपाई कुठं पुरला जातो, त्याच्या डोक्याशी दगड कोण लावतो, दगडावर नाव कोणाचं कोरतात आणि कोणाचं कोरत नाहीत, आणि हे ठरवणारा कोण लागून गेला, एवढाच माझा विषय आहे. कोणाला वाटेल मसणवट्याचं काय भाषण करायचं. करायचं. जिवंतपणी गावकुसाबाहेर आणि मेल्यावरही गावकुसाबाहेर, अशी ज्यांची जिंदगी झाली त्यांनी नाही करायचं तर कोणी करायचं?

आपण बसलोय तिथूनच सुरुवात करू. १८१८ सालच्या एप्रिलात दुसरा बाजीराव पळत पळत या मुलखात आला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्याशी संधान बांधायचं, चांद्याकडं सरकायचं, असा त्याचा बेत. इथं पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांच्या फौजेनं त्याला गाठलं आणि झोडपलं. पेशवा पुन्हा पळाला तो जूनमध्ये माल्कमपुढं हात जोडून उभा राहिला. पेशवाईचा शेवट शनिवारवाड्यात झाला असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा नकाशा उघडावा. शेवटच्या लढायांतली एक आपल्या पऱ्हाटीच्या वावरांत झालीय. मेले दोन्हीकडचे शिपाई. बाजीराव मात्र बिठूरला जाऊन पुढं तेहतीस वर्षं पेन्शन खात बसला.

त्याच लढाईचा एक अंक काही महिने आधी, १ जानेवारीला, भीमेच्या काठी कोरेगावला झाला होता. तो तुम्हाला पाठ आहे. पण तिथला खांब तुम्ही नीट वाचलाय का? नीट म्हणजे मोबाईल समोर धरून पाठमोरं उभं राहून नाही. त्या खांबावर मेलेल्यांची नावं आहेत. एकोणपन्नास. त्यातली बावीस महारांची, शेवटी 'नाक' असलेली. ज्या मुलखात आमच्या बापजाद्यांच्या थुंकीला मडकं आणि पावलाला झाडू बांधला होता, त्या मुलखात दगडावर महाराचं नाव लागलं, तेही बाकीच्यांच्या नावांच्या रांगेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबापाशी गेले. तिथं आमची माणसं नावानिशी लिहिलेली होती. दुसरीकडं कुठं होती? गावाच्या कागदात आम्ही 'महार, असामी एक'.

आता इथं लगेच एक जण उठेल आणि म्हणेल, म्हणजे इंग्रज चांगला होता तर! थांबा. मी इंग्रजाचे पोवाडे गायला आलेलो नाही. खांबावर नाव कोरणारा हाच इंग्रज, त्यानंच १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं शास्त्र काढलं आणि आम्हाला बिनलढाऊच्या खात्यात टाकलं. सुभेदार रामजी सकपाळांची पलटणीतली पिढी पेन्शनीत गेली आणि त्यांच्या पोरांना दार बंद. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्यासाठी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. काय मागत होते ही माणसं? मरायची परवानगी! पण त्या परवानगीत रोज भाकरी होती, पोरांना पलटणीतली शाळा होती, अंगात कोट होता, म्हणून मागत होते.

मग महायुद्ध लागलं, माणसं कमी पडली, आणि आम्ही पुन्हा लढाऊ झालो. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ ला मोडून टाकली. पुढं दुसरं महायुद्ध लागल्यावर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि १९४२ ला तिची दुसरी पलटण आपल्या कामठीला. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. गरज लागली की बोलव, गरज सरली की हाकल, हा कारभार गावातल्या पाटलाला जसा जमतो तसा तो साहेबालाही जमला. फरक इतकाच की साहेब हिशेब लिहून ठेवत होता. त्या हिशेबाकडंच मला यायचंय.

मी पोटासाठी काही वर्षं पुण्यात काढली. खडकीला होळकर पुलाकडं जाताना युद्धातल्या मेलेल्यांचं एक कबरस्तान लागतं. सुटीच्या दिवशी मी तिथं जाऊन बसायचो, फुकट सावली मिळते म्हणून. आत गेलं की पांढऱ्या दगडांच्या रांगा, एका उंचीच्या, एका मापाच्या. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण तिथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी, छावण्यांच्या आणि गावांच्या कबरस्तानांत पुरलेली, पुढं कोणी निगा राखील याची खात्री नसलेली मढी तिथं आणली. मुंबईच्या शिवडीच्या कबरस्तानातून १९६२ साली सहाशेच्या वर उचलून आणली. पहिल्या महायुद्धातले अठराशेच्या वर असे आहेत की त्यांच्या विखुरलेल्या कबरी राखणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांची नावं एका ठिकाणी लावली. आणि १९३ जण पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतले. काळी पोरं. इथं कुठंकुठं मेली, त्यांची नावं पुण्यात लिहिलेली आहेत. काळा माणूस म्हटला की आपल्याला अमेरिकेतला आठवतो. आपल्या घरापाशी मेलेल्या या १९३ जणांची कोणाला खबर?

दगड एकसारखे का, त्याचं कारण आहे. १९१७ च्या मे महिन्यात लंडनला साम्राज्याचं युद्धकबर कमिशन स्थापन झालं. फेबियन वेअर नावाचा माणूस त्याच्या मागं होता. त्यांनी नियम केला: साहेब असो की शिपाई, श्रीमंत असो की गरीब, दगड एकच. बड्या घरच्यांनी बोंब मारली की आमच्या पोराला आम्ही संगमरवरी चबुतरा बांधू. कमिशन म्हणालं, नाही. मेलेल्यांत रँक नाही, वंश नाही, धर्म नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा, खरं सांगतो, अंगावर काटा आला. आपल्याकडं चितेच्या लाकडालासुद्धा जात असते.

पण आता पुढचं ऐका.

इराकात बसऱ्याला एक स्मारक आहे. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जे मेले आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांवर लोकांचं. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर. हिंदी अंमलदाराचं नाव भिंतीवर. साधा हिंदी शिपाई? पलटणीचं नाव आणि पुढं आकडा. 'अधिक इतके'. तुमच्या-माझ्या घरचा माणूस तिथं 'अधिक इतके' आहे. दिल्लीच्या इंडिया गेटचंही तेच. तो सत्तर हजार हिंदी मृतांसाठी बांधला, नावं कोरली तेरा हजारांच्या वर. राहिलेले कुठं गेले?

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. खुद्द त्याच कमिशनला, ज्याला आता कॉमनवेल्थ युद्धकबर कमिशन म्हणतात, २०२१ च्या एप्रिलात आपला चौकशी अहवाल छापून माफी मागावी लागली. अहवाल म्हणतो, पहिल्या महायुद्धातल्या ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण असमान पद्धतीनं ठेवली, म्हणजे वेगळी नोंद, वेगळी जागा, वेगळा दर्जा. आणि निदान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, असे की ज्यांची नावानं आठवण ठेवलीच नाही, काहींची तर कशीच नाही. कोण होते हे? हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन, सोमाली. कारण काय दिलं होतं त्या काळच्या साहेबांनी? गोल्ड कोस्टच्या गव्हर्नरनं १९२३ साली असं मत दिलं की तिथल्या नेटिव्हाला डोक्याशी लावलेल्या दगडाचं काही समजणार नाही, कौतुक वाटणार नाही.

हे वाक्य आपण कुठं ऐकलंय? अहो, रोज ऐकतो! त्यांना काय कळतं, त्यांना कशाला शाळा, त्यांना काय चप्पल, त्यांच्या मढ्याला काय जागा लागते. आक्रा काय, केळापूर काय, भाषा तेवढी बदलते.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या आज्याचा थोरला भाऊ पहिल्या महायुद्धात खेचरवाल्यांच्या तुकडीत भरती झाला. बंदूक नाही, खेचरं. त्यांच्या पाठीवर दारूगोळा लादायचा आणि गोळ्यांच्या पावसात पुढच्या फळीला पोचवायचा. माझी आजी त्याचं एवढंच सांगायची, "थो बसऱ्याले गेला. गेला थो गेलाच." त्याची बायको, म्हणजे आमची मोठी आजी, तिला कोणी कागद दाखवला नाही, मढं दाखवलं नाही. ती रांडाव की सवाशीण हेच ठरेना. पंचांनी सांगितलं कुंकू पुस, तिनं सांगितलं कागद दाखवा. कचेरीत गेली तर बाबू म्हणाला, नंबर सांग. तिला नवऱ्याचा नंबर कुठला ठाऊक? तिला नाव ठाऊक होतं, आणि नाव घेत नसतात. पेन्शन मिळालं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं आणि कपाळाचं कुंकू तसंच ठेवून मेली. तिला आमच्या मसणवट्यात पुरली, नाल्याच्या काठी, मुरमाड उतारावर. एका पावसाळ्यात नाला फुगला आणि तो काठच गेला. नवऱ्याचा पत्ता नाही, बायकोचाही पत्ता नाही.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नव्हे. त्या महायुद्धात हिंदुस्थानातून चौदा लाखांच्या आसपास माणूस भरती झाला, आणि त्यातला साडेपाच लाखांच्या वर बिनलढाऊ होता. खेचरवाले, पखालवाले, आचारी, धोबी, चांभार, डोलीवाले, झाडूवाले, रस्ते खोदणारे, ओझी वाहणारे. सरकारी भाषेत 'फॉलोअर'. मागून येणारे. म्हणजे बलुतेदारी जशीच्या तशी उचलून समुद्रापार नेली. झाडूवाला तिथंही झाडूवालाच. लढाई संपल्यावर पदकं वाटली. शिपायाला चांदीचं पदक, मजूर तुकड्यांतल्या माणसाला तेच पदक ब्राँझचं. तोच राजाचा मुखडा, तेच सालं युद्ध. धातूतही शिवाशीव!

आणि याच फॉलोअरांपैकी एकाची कबर इंग्लंडातल्या एका खेड्यात आहे. ती गोष्ट मला तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमध्ये ब्रोकनहर्स्ट नावाचं खेडं आहे. आजूबाजूला रान. १९१४ च्या शेवटी फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी तिथं लेडी हार्डिंग हॉस्पिटल उघडलं. त्यात बरेलीचा एक सफाईवाला होता, नाव सुखा. जात अस्पृश्य. १२ जानेवारी १९१५ ला, तिशीच्या वयात, तो मेला. आता मढ्याचं काय करायचं? त्या गावात हकीकत सांगतात ती अशी: हिंदू म्हणाले, हा अस्पृश्य, याला आमच्या लाकडांवर जाळायचा नाही. वोकिंगच्या मौलवीला विचारलं, तो म्हणाला, हा मुसलमान नाही, आमच्या जमिनीत पुरायचा नाही. कुठं आलो होतो आपण? सातासमुद्रापलीकडं! समोर जर्मनाच्या तोफा, माणसं किड्यामुंगीसारखी मरतायत, बोटीवर सगळ्यांनी एकच खारा वारा खाल्लेला, आणि जात मात्र ट्रंकेत नीट घडी घालून आणलेली. शेवटी गावचा पाद्री पुढं आला आणि त्यानं सुखाला आपल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात पुरलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दगड लावला. दगडावर सुखाचं नाव आहे, बरेलीतल्या त्याच्या मोहल्ल्याचं नाव आहे, तो कुठं काय काम करत होता ते आहे, तारीख आहे, वय आहे. तो ख्रिस्ती नव्हता हेही सरळ लिहिलंय. पुढं त्याच आवारात न्यूझीलंडच्या ९३ सैनिकांच्या कबरी झाल्या. दगडांच्या त्या गर्दीत सुखा आहे, नावगावासकट.

हजारो फॉलोअर मेले-हरवले, त्यात एका झाडूवाल्याला इतका तपशीलवार दगड मिळाला तो का? साम्राज्यानं दिला नाही. आपल्या समाजानं तर दारच लावलं. एका खेड्यातल्या लोकांनी खिशातून चार पैसे काढले म्हणून मिळाला. आता पाद्र्याच्या पोटात राजनिष्ठा होती, धर्माचा अभिमान होता, असेल. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. खेड्यातली माणसं ठरवतील तर दगड लागतो, एवढं मला त्यातून घ्यायचंय.

आणि खेड्यातली माणसं ठरवतील तर मढंही अडतं. २०१६ चा जून. काश्मिरात पाम्पोरला केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या गाडीवर हल्ला झाला. मेलेल्यांत उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद जिल्ह्याचा एक जवान होता, नट जातीचा. मढं तिरंग्यात गुंडाळून गावी आलं. गावातले वरच्या जातीचे म्हणाले, सार्वजनिक जागेवर याला जाळायचा नाही, पुतळा बांधायचा नाही. अधिकाऱ्यांनी तासनतास मिनतवाऱ्या केल्यावर दहा मीटर बाय दहा मीटर तुकडा मोकळा झाला. सुखाच्याच प्रांतात, सुखानंतर एकशेएक वर्षांनी. मध्ये स्वातंत्र्य आलं, घटना आली, सतरावा अनुच्छेद आला. टीव्हीवर त्याच आठवड्यात सगळे अँकर देशभक्तीनं घसा फोडत होते.

आपल्यातलेच काही शहाणे पोट्टे मला म्हणतात, दादा, हे सैनिक तर साम्राज्यासाठी मेले, भाडोत्री होते, यांचं आपण क्रांतिकारकांनी काय करायचं? मी त्यांना विचारतो, बाप्पा, तुझा बाप गिरणीत कोणासाठी राबला? शेठसाठी की तुझ्यासाठी? माझ्या आज्याचा भाऊ पंचम जॉर्जसाठी गेला नाही. त्याला पंचम जॉर्ज काळा की गोरा हे ठाऊक नव्हतं. तो महिन्याच्या पगारासाठी गेला, गावचा वेठबिगार चुकवायला गेला. साम्राज्याच्या नफ्यातला वाटा त्याला मिळाला नाही, तर साम्राज्याच्या पापातला वाटा त्याच्या माथी कशाला मारता? मजूर कामावर मेला की त्याचं नाव मस्टरवर पाहिजे. एवढी साधी मागणी आहे. साताऱ्याकडच्या अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४६ जणांसाठी सरकारनं खांब उभा केला, गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात, मंत्री-संत्री तिथं हार घालतात. चांगली गोष्ट आहे. महारवाड्यातून, मांगवाड्यातून, गोंड-कोलामांच्या पोडावरून जो ओझी वाहायला गेला त्याला कोणत्या खांबावर शोधायचं?

म्हणून मी तुमच्यापुढं दोन कामं घेऊन आलोय. भाषण ऐकून टाळ्या वाजवून जायचं असेल तर आत्ताच उठा.

पहिलं काम जमिनीचं. नाव लावायचं तर आधी दगड रोवायला जागा पाहिजे, आणि आपल्या किती गावांत आपला मसणवटा कागदावर आहे? वहिवाट आहे, कागद नाही. नाल्याचा काठ आहे, ई-क्लासचा कोपरा आहे, रस्ता कोणाच्या तरी धुऱ्यावरून आहे, आणि पावसाळ्यात मढं खांद्यावर घेऊन गुडघाभर चिखलात उभं राहायचं. धुऱ्याचा मालक म्हणतो, इथून जाऊ नका. तर तलाठ्याकडं जा आणि निस्तारपत्रक मागा. आपल्या विदर्भात गावाच्या सार्वजनिक जागांची नोंद त्यात असते, जमीन महसूल संहितेचं १६१ वं कलम. तुमचा मसणवटा त्यात आहे का बघा. नसेल तर त्याच संहितेच्या २२ व्या कलमाखाली जिल्हाधिकारी दफनभूमीसाठी सरकारी जमीन राखून ठेवू शकतो. तसा अर्ज करा, सह्या घ्या, पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि कोणी अडवलं तर नुसते हातपाय आपटू नका. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं चौथं कलम स्मशानाच्या वापराला अडवणाऱ्यासाठीही आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ च्या २६ जानेवारीपासून तिसऱ्या कलमात 'झेडए' नावाचं पोटकलम आलंय, त्यात दफनभूमी, दहनभूमी, रस्ता, पाणी सगळं शब्दानिशी लिहिलंय. फौजदार म्हणेल असं काही कलम नाही. त्याला पान उघडून दाखवा.

दुसरं काम नावांचं. हे जास्त चिवट आहे. प्रत्येकानं आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडं बसायचं. 'घरातलं कोणी मिलिटरीत होतं का' असं विचारू नका, म्हातारी म्हणेल नाही. 'बसऱ्याले कोण गेलं होतं, ब्रह्मदेशाले कोण गेलं होतं, जर्मनच्या लढाईत कोण गेलं अन् आलं नाही' असं विचारा. मग ट्रंक उघडायला सांगा. पहिल्या महायुद्धाचं पदक निघालं तर त्याचा मुखडा बघत बसू नका, कड बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, नाव, तुकडी ठोकलेली असते. मोठ्या आजीला ज्या नंबरावाचून कचेरीतून हाकललं तो नंबर कोणाच्या तरी ट्रंकेत कडेवर कोरलेला असतो, आणि पोट्टे ते पदक भंगारवाल्याला घालून कुल्फी खातात. वीतभरापेक्षा लहान गोल ब्राँझची चकती निघाली, तिच्यावर बाई आणि सिंह असेल, तर ती मेलेल्याच्या घरी पाठवलेली चकती आहे. तिच्यावर फक्त नाव असतं, रँक नसते.

नंबर सापडला की कॉमनवेल्थ कमिशनची यादी संगणकावर कोणालाही फुकट पाहता येते. तिथं नाव, नंबर, तुकडी, तारीख टाकून शोधता येतं. पण नावाच्या भरवशावर राहू नका. गोऱ्या कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं. भिवाचा बिवा झालाय, सखारामाचा सुकाराम झालाय, बाप मुलाच्या जागी गेलाय. यवतमाळ तेव्हा इंग्रजीत येवतमाळ लिहीत, १९०५ च्या आधी जिल्ह्याचं नावच वणी होतं, आणि सगळ्याच्या वर बेरार. म्हणून पाच-सहा तऱ्हांनी शोधा. दुसऱ्या महायुद्धातला असेल आणि आघाडीवर नव्हे तर इकडंच कुठं मेला असेल तर त्याचं नाव दिल्ली-कराची स्मारकाच्या पुस्तकात असू शकतं. अखंड हिंदुस्थानातल्या पंचवीस हजारांवर मृतांची नावं त्यात आहेत, पुस्तकाची एक प्रत दिल्लीच्या युद्धकबरस्तानात आणि एक कराचीत. ब्रह्मदेशात मेलेला असेल तर रंगूनजवळच्या तौक्यानच्या स्मारकावर सत्तावीस हजार नावं आहेत, त्यात बघा. आणि यादीत नाहीच सापडला तर ते सगळं लिहून कमिशनला पाठवा. २०२१ ला माफी मागितलीय ना? मग माफीची वसुली करू.

यादीत सापडो न सापडो, आपल्या मसणवट्यात दगड लागला पाहिजे. गावच्या वर्गणीतून. संगमरवर नको, आपल्याकडचा काळा दगड चालेल. सगळ्यांचे दगड एका मापाचे. सुभेदार निघाला म्हणून त्याला चबुतरा नाही आणि खेचरवाला निघाला म्हणून त्याला विटेचा तुकडा नाही. एवढं एक त्या खडकीच्या कबरस्तानातून उचलू. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, काम काय होतं ते. 'झाडूवाला' असेल तर झाडूवालाच लिहा, लाजू नका. आणि खाली त्याच्या बायकोचं नाव लिहा. तिनं कागदाची वाट बघितली ती काही कमी लढाई नव्हती. हे फक्त बौद्धांपुरतं ठेवाल तर मला पुन्हा बोलवू नका. मांग, चांभार, गोंड, कोलाम, मुसलमान, ज्याच्या घरचा गेला त्याचं नाव. कोलामांच्या पोडावर तर कोणी हा प्रश्न घेऊन कधी गेलंच नाही. तिथं आधी जा.

बास. मी वही आणलीय, दोनशे पानी. रकाने पाडलेत. पहिल्या पानावर आमच्या मोठ्या आजीचं नाव मी लिहून ठेवलंय, तिच्या नवऱ्याच्या नंबराचा रकाना अजून कोरा आहे. पाटणबोरीकडचे कोण कोण आहेत? करंजीचे? रुंझ्याचे, मोहद्याचे? पुढं या, आपापली गावं वाटून घ्या. ज्याला घाई आहे त्यानं निदान आपल्या आजीचं गाव आणि आपला फोन लिहून जा. शेवटची एसटी निघायला अजून पाऊण तास आहे.